मनगट अण्णांचं, बोट माझं

दुसऱ्याच्या घड्याळात अ‍ॅप टाकताना परवानगीच्या चौकटीवर जे बोट टेकतं, ते कोणाच्या वतीनं टेकतं, या प्रश्नानं गेले काही महिने माझा पिच्छा पुरवला आहे. घड्याळ माझ्या वडिलांचं आहे आणि बोट माझं. ते कराडला, मी पुण्यात.

अण्णा निवृत्त शिक्षक. आई गेल्यापासून एकटेच राहतात. स्वयंपाकापासून बँकेपर्यंत सगळं स्वतः करतात, संध्याकाळी प्रीतिसंगमावर फिरून येतात. मधुमेह आहे, रक्तदाबाची गोळी चालू आहे. मी आणि टोरंटोला असलेली माझी बहीण, आम्ही दोघांनी मिळून त्यांना स्मार्टवॉच घेतलं. मोबाइलचं काहीही अडलं की घरातल्या ज्या माणसाकडे दिलं जातं, तो आमच्याकडे मी आहे. साहजिकच घड्याळ लावून द्यायचं कामही माझ्याकडे आलं.

हे काम आता फार सोपं झालं आहे. पूर्वी अँड्रॉइडच्या घड्याळात अ‍ॅप जायचं ते फोनमार्फत. 2017 मध्ये अँड्रॉइड वेअर 2.0 आलं आणि प्ले स्टोअर थेट मनगटावर उघडू लागलं. अ‍ॅपल वॉचवर अ‍ॅप स्टोअर 2019 मध्ये आलं. पण सोय मनगटावर आली तशी परवानगीही मनगटावर आली. एवढ्याशा गोल पडद्यावर मोजक्या ओळी मावतात. शरीरावरच्या सेन्सरची माहिती घेऊ का, हालचाल नोंदवू का, लोकेशन बघू का, असं अ‍ॅप एकेक करून विचारत जातं आणि आपण ‘हो’ला बोट लावत खाली सरकत जातो. लोकेशनच्या बाबतीत नव्या अँड्रॉइडमध्ये आणखी एक पायरी ठेवलेली आहे. समोर येणाऱ्या चौकटीत ‘अ‍ॅप वापरात असतानाच’ किंवा ‘या वेळेपुरतं’ एवढेच होकार मिळतात. कायमची परवानगी द्यायची तर सेटिंगमध्ये आत जाऊन मुद्दाम द्यावी लागते. माणसानं क्षणभर थांबावं, विचार करावा, म्हणून ही पायरी आहे. मी आत गेलो आणि कायमची परवानगी दिली.

अण्णा तेव्हा समोरच खुर्चीत पेपर वाचत बसले होते. ‘घड्याळ लावून देतो’ असं मी म्हटलं होतं आणि त्यांनी मान डोलावली होती. त्यांचा होकार घड्याळाला होता. त्यांची नाडी, झोप, पावलं आणि ठावठिकाणा माझ्या आणि बहिणीच्या फोनवर दिवसभर दिसत राहील, या गोष्टीला तो होकार होता असं मी धरून चाललो. धरून चालणं आणि विचारणं यांत किती अंतर आहे, हे मला एका एकादशीला कळलं.

रात्रीचे दहा वाजून गेले होते. फोनवर अण्णांची पावलं वाढत होती. रोज साडेनऊला अंथरुणाला पाठ टेकणारा माणूस या वेळी चालतोय कुठं? नाडीचा आकडाही नेहमीपेक्षा वर होता. फोन केला, उचलला नाही. पुन्हा केला. मग शेजारच्या काकूंना फोन लावला. त्या म्हणाल्या, “अहो, अण्णा विठ्ठल मंदिरात आहेत, भजन चाललंय.” अण्णा मांडी घालून बसले होते आणि त्यांच्या हातात टाळ होते. घड्याळ पावलं पायांवरून मोजत नाही. हाताला बसणारे ठरावीक लयीतले हेलकावे टिपून ते पावलांचा अंदाज बांधतं. नाडीचंही तसंच आहे. मागच्या बाजूचा हिरवा प्रकाश कातडीत शिरतो, रक्त तो शोषतं आणि परत आलेल्या प्रकाशातल्या चढउतारांवरून ठोके काढले जातात. हात जोरात हलत असला किंवा पट्टा सैल असला की तो आकडाही भरकटतो. म्हणजे त्या रात्री मला जे दिसत होतं ते अण्णांचं चालणं नव्हतं, आणि नाडीचा आकडाही कितपत त्यांचा होता कोण जाणे. त्याचा जाब मात्र अण्णांना द्यावा लागला.

सकाळी त्यांचा फोन आला. आवाज चढलेला नव्हता. “काल शेजारी फोन केलास म्हणे. काळजी कर. हिशेब मागू नकोस.”

त्या रात्रीचा फोन मी आजही चुकीचा मानत नाही. एकट्या राहणाऱ्या वडिलांची काळजी वाटली की मुलगा फोन करणारच. मला टोचलं ते वेगळंच. त्या दिवसानंतर माझ्या लक्षात येऊ लागलं की अण्णा न विचारताच खुलासे द्यायला लागलेत. ‘आज उशिरा उठलो, तुला दिसलंच असेल.’ ‘दोन दिवस फिरायला गेलो नाही, पाऊस होता.’ आयुष्यभर वर्गाची हजेरी घेतलेला माणूस आता माझ्याकडे हजेरी लावत होता. हे मी मागितलं नव्हतं. पण ज्या व्यवस्थेत ते आपोआप घडतं, ती व्यवस्था माझ्याच हातानं उभी राहिली होती.

कायदा याबद्दल काय म्हणतो, ते मी तेव्हा मन लावून वाचलं. 24 ऑगस्ट 2017 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या खंडपीठानं खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचं एकमतानं सांगितलं. ज्यांच्या याचिकेवरून हा निकाल आला ते न्या. के. एस. पुट्टस्वामी हे कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायाधीश. 2012 मध्ये याचिका केली तेव्हा ते 86 वर्षांचे होते, माझ्या वडिलांपेक्षाही मोठे. या देशात तुम्हा-आम्हाला हा हक्क स्पष्ट शब्दांत मिळाला तो एका वृद्ध माणसानं दार ठोठावलं म्हणून. आणि आपण घरातल्या म्हाताऱ्या माणसांच्या बाबतीत असं वागतो, जणू वय झालं की खासगीपणाची गरज संपते.

पुढे 2023 मध्ये डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा आला. त्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये निघाले. संमती मोकळेपणानं दिलेली हवी, ठरावीक कारणासाठी हवी, समजून-उमजून दिलेली हवी, असं हा कायदा म्हणतो. दिलेली संमती परत घेणं हे ती देण्याइतकंच सोपं असावं, असंही म्हणतो. माहिती कशासाठी घेतली जाते ते सांगणारी सूचना मराठीतही वाचता यायला हवी, कारण आठव्या अनुसूचीतल्या सगळ्या भाषांचा पर्याय कायद्यानं दिला आहे. अठरा वर्षांखालच्या मुलासाठी पालकाची संमती लागते. पण धडधाकट बुद्धीच्या वडिलांच्या वतीनं मुलानं संमती द्यावी, अशी सोय मला त्यात कुठं दिसली नाही.

हे सगळं कंपन्यांसाठी आहे. एखादी व्यक्ती निव्वळ वैयक्तिक किंवा घरगुती कारणासाठी माहिती हाताळत असेल, तर हा कायदा तिला लागूच होत नाही. म्हणजे अण्णांची झोप पाहणाऱ्या कंपनीला नियम आहेत, तीच झोप फोनवर पाहणाऱ्या मुलाला नाहीत. कायद्यानं घराच्या उंबऱ्याशी थांबावं हे मला योग्यच वाटतं. बाप-लेकांच्या मध्ये सरकारनं येऊ नये. पण मग उंबऱ्याच्या आत कोण विचारणार? तिथं माझ्या सदसद्विवेकाशिवाय दुसरं कोणी नाही. म्हणून कंपनीला जे प्रश्न कायदा विचारतो, तेच मी मला विचारायचं ठरवलं.

पहिला प्रश्न होता कारणाचा. हे अ‍ॅप कोणासाठी आहे, अण्णांसाठी की माझ्यासाठी? मी एकेक अ‍ॅप डोळ्यांसमोर आणलं. गोळीची आठवण करून देणारं अ‍ॅप निःसंशय त्यांच्यासाठी. पडल्याचं ओळखून फोन लावणारी सोय त्यांच्यासाठी. पण मिनिटामिनिटाची नाडी? डॉक्टरांनी ती मागितलेली नव्हती. झोपेचा आलेख कोणीच मागितला नव्हता. आणि लोकेशन तर सरळ माझ्यासाठी होतं. ऑफिसात बसल्या बसल्या तो नकाशा उघडायचा, कृष्णेच्या काठावरचा ठिपका पाहायचा आणि कामाला लागायचं, असा माझा दिनक्रम झाला होता. त्या ठिपक्यानं अण्णांचं काय भलं होत होतं? भलं माझं होत होतं. म्हाताऱ्या बापाला एकटं ठेवून आपण शहरात राहतो, ही जी टोचणी आहे ती त्या ठिपक्यानं काही तासांपुरती बोथट व्हायची. पूर्वी हीच टोचणी मला फोन करायला लावायची. आता ठिपका दिसला की फोन राहून जायचा. हे मान्य करायला मला सगळ्यात जड गेलं.

दुसरा प्रश्न होता समजुतीचा. जे मी त्यांच्या हातावर चढवलं आहे, ते काय करतं आणि काय करत नाही हे त्यांना ठाऊक आहे का? दहा हजार पावलांचंच घ्या. अनेक अ‍ॅप हे उद्दिष्ट आधीच भरून ठेवतात. हा आकडा लोकांत रुजला तो 1965 च्या सुमारास जपानात विकल्या गेलेल्या एका पावलं मोजणाऱ्या यंत्रामुळे. 2019 मध्ये आय-मिन ली आणि सहकाऱ्यांचा वयस्क स्त्रियांवरचा जो अमेरिकी अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात साडेसात हजारांच्या आसपास पोचल्यावर मृत्यूच्या धोक्यातली घट थांबलेली दिसली. मग अण्णांना रोज रात्री ‘उद्दिष्ट अपूर्ण’ असं कोणी आणि का सांगायचं? बहिणीनं एकदा साखर दाखवणाऱ्या अ‍ॅपबद्दल विचारलं. मी स्पष्ट नाही म्हटलं. सुई न टोचता घड्याळ किंवा अंगठीच साखर मोजते अशा दाव्यांवर विसंबू नका, असा इशारा अमेरिकेच्या एफडीएनं फेब्रुवारी 2024 मध्ये दिला होता. चुकीच्या आकड्यावर कोणी इन्सुलिन घेतलं तर जिवावर बेतू शकतं. मधुमेह असलेल्या माणसाच्या हातावर असलं काही चढवणं ही माया नव्हे.

तिसरा प्रश्न परत घेण्याचा. अण्णांना यातलं काही बंद करायचं असेल तर त्यांना जमेल का? खातं मी उघडलेलं, पासवर्ड माझ्याकडे. त्यांच्या हातात एकच उपाय होता, घड्याळ काढून ठेवणं. आणि ते काढून ठेवलं की मी फोन करून ‘घड्याळ का काढलंत’ म्हणून विचारायचो.

पुढच्या खेपेला कराडला गेलो तेव्हा जेवणं झाल्यावर आम्ही दोघं सोप्यावर घड्याळ घेऊन बसलो. अ‍ॅपची यादी उघडली. प्रत्येक अ‍ॅपची प्रत्येक परवानगी मी मराठीत मोठ्यानं सांगायची आणि निर्णय त्यांनी द्यायचा, असं ठरवलं. त्यांनी मला वाटलं होतं त्याहून कितीतरी अधिक विचारलं. “हे सगळं जातं कुठं?” घड्याळातून फोनमध्ये, फोनमधून कंपनीच्या सर्व्हरवर, मी सांगितलं. “मग अ‍ॅप काढलं की तिथनंही जातं?” नाही, अ‍ॅप काढलं तरी खात्यातली जुनी माहिती तशीच राहू शकते, ती खात्यात जाऊन वेगळी पुसावी लागते. “माझ्या फिरण्यात कुणाला काय मिळणार?” तेव्हा मी त्यांना स्ट्राव्हाची गोष्ट सांगितली. लोकांच्या पळण्या-चालण्याच्या नोंदी एकत्र करून त्या कंपनीनं जगाचा नकाशा प्रसिद्ध केला होता, त्यात नावं नव्हती. तरी जानेवारी 2018 मध्ये एका विद्यार्थ्याच्या नजरेला आलं की वाळवंटातले लष्करी तळ त्या नकाशावर उजळून दिसताहेत. सैनिकांनी फक्त व्यायाम केला होता. अण्णा बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “पुढचं वाच.”

गोळीची आठवण ठेवली. पडल्याचा इशारा ठेवला, पण पहिला फोन माझ्याऐवजी शेजारच्या काकूंना जाईल असं त्यांनी करायला लावलं, कारण मी पुण्याहून पोचायला तीन तास लागतील. हे मला सुचलं नव्हतं. नाडी त्यांना स्वतःला पाहायची होती, म्हणून ती राहिली, मात्र आमच्या फोनवर येणं बंद केलं. झोपेचा आलेख काढला, आधीच्या नोंदी पुसल्या. पावलांचं उद्दिष्ट त्यांनी स्वतः ठरवलं. लोकेशन प्रवासाला निघाल्यावर ते स्वतः चालू करणार, एरवी बंद. पासवर्ड बदलला आणि त्यांच्या वहीत त्यांच्या अक्षरात लिहिला.

यानं माझी काळजी संपली असं नाही. उलट वाढली. पावसाळ्यात संगमावरच्या पायऱ्या निसरड्या असतात आणि ते नेमके कुठं आहेत हे आता मला कळत नाही. त्यांचं मोकळेपण मी मान्य केलं आणि उद्या काही झालं तर, या विचारानं पोटात गोळा येतो. पण ती भीती माझी आहे. ज्याला काळजी वाटते त्यानंच तिचं ओझं वाहावं. ज्याच्याबद्दल वाटते, त्याच्या मोकळेपणातून ते वसूल करू नये, एवढं मला कळलं आहे.

एक गोष्ट अजून पुढं उभी आहे. उद्या त्यांची स्मरणशक्ती दगा देऊ लागली, रस्ता चुकू लागला, तर कोणाला विचारायचं? मी हेही त्यांना विचारलं, कारण आत्ता विचारता येतंय. ते म्हणाले, “डॉक्टरांनी सांगितलं की तू ठरव. तोवर मी ठरवीन.” मी ते त्याच वहीत लिहून घ्यायला सांगितलं आणि त्यांनी लिहिलं. दरम्यान मोठं अपडेट आलं किंवा नवं अ‍ॅप टाकायचं झालं की पुन्हा शेजारी बसून यादी वाचायची, हे मी स्वतःवर घालून घेतलं आहे. एकदा दिलेला होकार जन्मभर पुरतो असं मी आता मानत नाही.

बहिणीला हे पटलेलं नाही. ती हजारो मैलांवर आहे आणि तिची भीती माझ्याहून मोठी आहे, हे मला कळतं. लोकेशन पुन्हा चालू कर, असं ती मला दोनदा म्हणाली. मी तिला सांगितलं की परवानगी माझ्याकडे नाही, अण्णांना विचार. तिनं अजून विचारलेलं नाही. तिनं विचारलं आणि ते हो म्हणाले, तर त्याच दिवशी ते कसं चालू करायचं हे मी अण्णांना फोनवर सांगेन.