वाचावयाच्या पुस्तकांचे ऋण

आमच्या लिहिण्याच्या मेजाच्या खणात दोन वह्या आहेत. एक आमची आणि दुसरी आमच्या दिवंगत वडिलांची. दोन्हींत पुस्तकांची नावे आहेत आणि त्यांतील बहुतेक पुस्तके न वाचलेली आहेत. वाचनाची आवड असलेल्या प्रत्येक घरी अशी एखादी वही, निदान आजकाल मोबाइलमध्ये एखादी यादी, असतेच. तेव्हा यात नवल ते काय, असे वाचक म्हणतील. आम्हीही कालपरवापर्यंत तसेच म्हणत होतो. परंतु वडिलांची वही हाती आल्यापासून एक प्रश्न आम्हांस स्वस्थ बसू देत नाही. वाचावयाच्या पुस्तकाचे नाव वहीत उतरविणे म्हणजे नेमके काय करणे? ती नुसती इच्छा की संकल्प, की ऋण, की सरळसरळ लोभ?

आमच्या वहीचा प्रारंभ 2004 साली, वकिलीची सनद मिळाली त्या वर्षी झाला. आमचे बिऱ्हाड सिल्वासाजवळ खडोलीस. कारखान्यांच्या मालमोटारी रात्रभर दारावरून जातात. येथील अपिले मुंबईच्या उच्च न्यायालयात चालतात, त्यामुळे मुंबईची वारी घडते. आणि मुंबईस गेल्यावर हातात दोन पुस्तके व वहीत सात नावे घेऊन परतावयाचे, हा परिपाठ. आज वहीत 1,312 नावे आहेत. गतवर्षी आम्ही 22 पुस्तके वाचली आणि 71 नावे वाढविली. आमचे वय 46. ईश्वरकृपेने आणखी तीस वर्षे डोळे शाबूत राहिले, तरी या वेगाने 660 पुस्तके होतील. म्हणजे निम्म्या यादीचा निकाल आजच लागलेला आहे. ती निम्मी कोणती, एवढेच ठरावयाचे आहे.

आमचे एक स्नेही म्हणतात, ‘यात बिघडले काय? धान्याचा साठा केला तर दुसऱ्याच्या तोंडचा घास जातो. पुस्तकांची नावे साठविल्याने कोणाचे काय जाते?’ हा युक्तिवाद वरकरणी बिनतोड आहे. आमच्या शास्त्रकारांनी अपरिग्रह सांगितला तो वस्तूंचा. नावांच्या परिग्रहास त्यांनी कोठे दोष दिल्याचे आमच्या पाहण्यात नाही. तथापि आमच्या व्यवसायातील एक दाखला द्यावासा वाटतो. न्यायालयात ज्या कामास ‘तारीख पडते’ त्याचा पक्षकार काहीतरी झाले अशा समाधानाने घरी जातो. वस्तुतः काहीच झालेले नसते. वहीत नाव लिहिताना आम्हांस जे समाधान होते ते याच जातीचे. पुस्तक वाचले नाही, पण त्यास तारीख दिली! ज्या जिज्ञासेने आज रात्री जागविले असते, तिला आम्ही शाईच्या एका ओळीत निजवितो. स्नेह्यांच्या दृष्टीतून हेच नेमके निसटले. यादीने दुसऱ्याचे काही जात नसेल. ज्याची यादी त्याचे जाते. आणि क्वचित दुसऱ्याचेही जाते, हे पुढे येईलच.

यावर कोणी म्हणेल की, थोर वाचकांच्याही याद्या वाढतच असतात. ते आम्हांस मान्य आहे. महामहोपाध्याय पांडुरंग वामन काणे हे आमच्याच व्यवसायातले, मुंबईच्या उच्च न्यायालयातले वकील. ‘व्यवहारमयूख’ या ग्रंथाची आवृत्ती सिद्ध करताना तिला धर्मशास्त्राच्या इतिहासाची एक प्रस्तावना जोडावी, एवढाच त्यांचा मूळ बेत होता. ती आवृत्ती 1926 साली निघाली. प्रस्तावना मात्र हाताबाहेर गेली. 1930 साली तिचा पहिला खंड पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने काढला आणि पाचव्या खंडाचा अखेरचा भाग 1962 साली बाहेर पडला, तेव्हा पृष्ठसंख्या साडेसहा हजारांच्या वर गेली होती आणि काणे ब्याऐंशी वर्षांचे होते. पुढील वर्षी त्यांस भारतरत्न मिळाले. आता हीही वाढतीच यादी. पण वाढीवाढीत अंतर आहे. त्यांच्या यादीतले प्रत्येक नवे नाव आधीचा ग्रंथ वाचल्यामुळे आले. एका स्मृतीने निबंधाकडे बोट दाखवावे, निबंधाने टीकेकडे. आमच्या वहीत गतवर्षी वाढलेली 71 नावे आम्ही तपासून पाहिली. त्यांपैकी वाचलेल्या पुस्तकातून निघालेली नऊ. बाकीची परीक्षणे, जाहिराती आणि लोकांच्या गप्पा यांतून आलेली. म्हणजे ती भूक आमची नव्हती. दुसऱ्याच्या ताटाकडे पाहून लागलेली होती.

उलट धर्मानंद कोसंबी पाहा. गोव्यातील सांखवाळचा हा तरुण 1899 साली घर सोडून निघाला तो बुद्धाचा धर्म समजून घ्यावा या एकाच ध्यासाने. पुणे, ग्वाल्हेर, काशी, नेपाळ आणि शेवटी सिंहलद्वीप, असा प्रवास त्यांनी बहुधा खिशात पैसा नसताना केला. त्यांच्याजवळ यादी नव्हती. होता तो एक प्रश्न.

आता वडिलांच्या वहीकडे वळतो. अण्णा 1974 साली गोव्याहून नगरहवेलीत शिक्षक म्हणून आले आणि 2003 साली निवृत्त होईतो मुलांना इतिहास शिकवीत राहिले. त्यांच्या वहीत 214 नावे आहेत. 61 वर रेघ मारलेली आहे. एक नाव मात्र तीनदा आहे: 1976, 1989 आणि 2008 साली. ‘हेगचा निकाल.’

हा निकाल कोणता, हे थोडक्यात सांगणे अवश्य आहे. 1954 च्या जुलै-ऑगस्टात दादरा आणि नगरहवेली पोर्तुगिजांच्या हातून सुटली. 1955 च्या डिसेंबरात पोर्तुगालने हेग येथील आंतरराष्ट्रीय न्यायालयात भारताविरुद्ध दावा लावला, की दमणहून या प्रदेशात जाण्यायेण्याचा आपला हक्क भारताने मोडला. 12 एप्रिल 1960 रोजी त्याचा निकाल झाला. न्यायमूर्ती महंमदअली करीम छगला हे त्यात भारतातर्फे नेमलेले न्यायाधीश होते. अण्णांना त्यातील हक्काशी कर्तव्य नव्हते. वर्गातली मुले दरवर्षी विचारीत, ‘गुरुजी, पोर्तुगीज इथे आले कसे?’ आणि अण्णा दरवर्षी सांगत, की पेशव्यांनी 1779 च्या तहाने हा मुलूख त्यांस देऊन टाकला. हे सांगताना आपली जीभ अडखळते, असे ते आमच्या आईस म्हणत. तहाचा अर्थ हेगच्या न्यायाधीशांनी लावला आहे, एवढे त्यांनी कोठेतरी वाचले होते.

2008 साली एका रविवारी त्यांनी आम्हांस विचारले, ‘‘तो निकाल खंय मेळटलो रे?’’ आम्ही म्हणालो, ‘‘पळयतां, अण्णा.’’ त्याच रात्री आम्ही ते नाव आमच्या वहीत लिहिले. आम्ही वकील, निकाल मिळविणे हे आमच्या डाव्या हातचे काम, तो न्यायालयाच्या संकेतस्थळावर कोणासही विनामूल्य पाहता येतो. आम्ही दहा वर्षे पाहतच राहिलो. 2018 च्या भाद्रपदात अण्णा गेले.

मिताक्षरेच्या हिंदू कायद्यात पित्याचे ऋण फेडणे हे पुत्राचे धार्मिक कर्तव्य मानले आहे. जुगार, मद्यपान इत्यादींपायी झालेले अव्यावहारिक ऋण मात्र त्यातून वगळले. 2005 च्या सुधारणेनंतर केवळ या कर्तव्याच्या आधारे नव्या कर्जासाठी पुत्रावर दावा चालत नाही. तेव्हा अण्णांच्या वहीतील 153 नावांसाठी आम्हांस कोणी न्यायालयात खेचणार नाही. मुदतीचा कायदाही आमच्याच बाजूचा. पण वकिलांस हेही ठाऊक असते, की मुदत संपल्याने सामान्यतः धनकोचा दावा जातो, ऋण जात नाही. मनुष्य तीन ऋणे घेऊन जन्मतो आणि ऋषिऋण अध्ययनाने फिटते, असे आमच्या परंपरेत सांगितले आहे. त्या ऋणास मुदतीचे कलम कोठेही जोडलेले नाही.

गेल्या वर्षी कुलदेवतेच्या सेवेसाठी फोंड्यास गेलो होतो. वाचकांपैकी अनेकांची दैवते सोळाव्या शतकात नदीपार होऊन त्याच परिसरात स्थिरावली, हे सांगावयास नकोच. भटजींनी संकल्प सांगितला. देश, काळ, तिथी, गोत्र, नाव आणि करावयाचे कर्म, असे सर्व उच्चारून तळहातावरचे पाणी ताम्हनात सोडावयाचे. हे आम्ही लहानपणापासून करीत आलो. त्या दिवशी मात्र पाणी सोडता सोडता हात थबकला. मराठीत ‘उदक सोडणे’ याचा अर्थ एखाद्या गोष्टीवरचा हक्क कायमचा सोडणे. आणि येथे त्याच कृतीने आपण स्वतःस बांधून घेत होतो! भटजी म्हणाले, ‘‘सोडा, सोडा, पाणी सोडा.’’ आम्हांस वाटले, या दोन कृती नसून एकच आहे. अमुक दिवशी अमुक ग्रंथ वाचीन असे जो खरोखर म्हणतो, तो त्याच क्षणी इतर सर्व ग्रंथांवर त्या दिवसापुरते तरी उदक सोडतो. आमच्या वहीत 1,312 नावे होती, पण देश नव्हता, काळ नव्हता, तिथी नव्हती. ज्यात सोडलेले काहीच नाही, त्यास संकल्प कसे म्हणावे?

खडोलीस परतल्यावर श्रावण प्रतिपदेपासून पौर्णिमेपर्यंत रोज पहाटे आम्ही तो निकाल वाचला. दुसरे काहीही वाचले नाही; वर्तमानपत्रही बंद ठेवले. हा काळ मोठा कठीण गेला हे कबूल केले पाहिजे, कारण मध्ये मुंबईची एक वारी झाली आणि पुस्तकांच्या दुकानावरून आम्हांस मान खाली घालून जावे लागले.

निकालात तहाच्या सतराव्या कलमाचा आणि 1783 व 1785 च्या मराठ्यांच्या सनदांचा खल आहे. न्यायालयाचा निष्कर्ष असा, की त्या कलमाच्या भाषेतून सार्वभौमत्व दिल्याचे सिद्ध होत नाही. मराठ्यांनी पोर्तुगिजांस दिले ते सालिना बारा हजार रुपयांच्या वसुलाचे जहागीर किंवा सरंजाम म्हणून. पुढे इंग्रजांच्या काळात पोर्तुगिजांची सत्ता तेथे प्रत्यक्ष मानली गेली, हा निराळा भाग आणि त्याचाही ऊहापोह निकालात आहे. पण अण्णांच्या मुलांच्या प्रश्नाचे उत्तर त्या पृष्ठांवर होते. पेशव्यांनी मुलूख देऊन टाकला नव्हता; वसूल लावून दिला होता. अण्णांची जीभ उगाच अडखळत नव्हती. 2008 साली ते निवृत्त होते खरे. पण जुने विद्यार्थी दर दिवाळीस त्यांच्याकडे येत आणि हाच विषय निघे.

आमच्या वहीतील त्या नावावर आम्ही रेघ मारली. त्यानंतर अण्णांची वही उघडली, 1976 चे पान काढले आणि लेखणी हातात घेऊन बराच वेळ बसलो. ऋण त्यांचे, वाचन आमचे; त्यांच्या वहीत रेघ मारण्याचा अधिकार आम्हांस पोहोचतो काय, याचा निर्णय आमच्याने अद्याप झालेला नाही.