रंगीत तालमीची पिशवी

डिसेंबर-जानेवारी म्हणजे शाळांच्या स्नेहसंमेलनांचे दिवस. वर्गाचं कोळीनृत्य ठरतं आणि घरोघरी शोध सुरू होतो: शिवलेली नऊवारी, कमरेचा तिकोनी रुमाल, दाबाची नथ, गजरा.

प्रत्येक मुलाची वेगळी पिशवी, तिच्यावर ठळक नाव, आत सेफ्टी पिना आणि बांगड्या, एवढं झालं तरी पडद्यामागची निम्मी धांदल थांबते. पण मला खरी काळजी वाटते ती कापडाची. भाड्याच्या पोशाखाची जर मानेला टोचते, काष्टा सैल असतो, आणि सहा वर्षांचं पोर नाच विसरून कंबरच सावरत राहतं. म्हणून आत मऊ सुती बनियन हवा. घुंगरांखाली पायाला कापडाची पट्टी हवी. पूर्ण पोशाखात एकदा तरी नाचून, वाकून, मांडी घालून बघायला हवं.

कोल्हापूरच्या भानू अथैया यांना ‘गांधी’ चित्रपटाच्या वेशभूषेसाठी १९८३ साली ऑस्कर मिळालं. भारतीयाला मिळालेलं ते पहिलं ऑस्कर. कपड्यांचं काम इतकं मोलाचं असतं!

आणखी एक मनापासून सांगते. भाड्याचे पैसे देणं एखाद्या घराला जड जात असेल, तर ते मूल मागच्या रांगेत जाऊ नये, नाचातून गळू तर नयेच. आईच्या जुन्या साडीतून सुंदर नऊवारी होते. वर्गातल्या सगळ्यांचीच तशी शिवली तर उत्तम. तुमच्या जवळच्या शाळेत संमेलन असेल, तर बाईंना आजच विचारा, पिना लावायला, काष्टे घालायला कुणी हवं आहे का.