ब्लॅकनं घेतलेलं तिकीट

"माझे पैसे, माझी हौस. काका, यात कुणाचं काय बिघडलं?" जालन्यातल्या आमच्या गल्लीतला इंजिनिअरिंगचा एक मुलगा मला विचारत होता. जानेवारी २०२५ मध्ये नवी मुंबईत, नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर कोल्डप्ले या ब्रिटिश बँडचे तीन कार्यक्रम झाले. १८, १९ आणि २१ तारखेला. त्यातल्या एकाला हा जाऊन आला होता. रात्रीच्या देवगिरीनं ठाणे, तिथून लोकलनं नेरूळ. तिकीट मात्र त्यानं एका अनोळखी माणसाकडून छापील किमतीच्या तिपटीनं घेतलं होतं.

त्याच्या आनंदाबद्दल मला तिळमात्र शंका नाही. सांगताना त्याचं बोट सारखं मनगटाकडे जात होतं. आत शिरताना प्रत्येकाला मनगटावर बांधायला एक पट्टा देतात. त्याला बटण नसतं. तो कधी उजळायचा, कोणत्या रंगात उजळायचा, हे मंचाचं तंत्र सांभाळणारे लोक ठरवतात. त्यांनी इशारा दिला की हजारो मनगटं एकदम पिवळी होतात, एकदम विझतात. कार्यक्रम संपला की पट्टा परत करायचा असतो. कोणत्या शहरानं किती टक्के पट्टे परत केले, तेही हा बँड पडद्यावर दाखवतो. २,५०० रुपयांच्या तिकिटाला जो पट्टा, तोच ३५,००० च्या तिकिटाला. एक गाणं गायक ख्रिस मार्टिन मध्येच थांबवतो आणि सगळ्यांना फोन खिशात ठेवायला सांगतो. त्या गाण्याला शेजारच्या अनोळखी पोराच्या गळ्यात हात टाकून आपण नाचलो, असं हा सांगत होता. ऐकताना मलाही भरून आलं. आमच्या पिढीतल्या मराठवाड्यातल्या पोरांनी असे गायक कॅसेटमध्येच ऐकले. १९९६ साली मायकेल जॅक्सन अंधेरीत गाऊन गेला, आम्ही पेपरातले फोटो पाहिले. आता आमची पोरं तिथं पोचतात, याचं मला मनापासून अप्रूप आहे.

पण त्याचा प्रश्न सोडून देता येत नाही. बिघडलं, आणि ते त्या शेजारच्या पोरासारख्याच कुणाचं तरी बिघडलं.

२२ सप्टेंबर २०२४ च्या दुपारी १२ वाजता तिकीटविक्री सुरू झाली, तेव्हा ऑनलाइन रांगेत लाखो लोक होते. बघता बघता तिकिटं संपली आणि तीच तिकिटं दुसऱ्या साइट्सवर कित्येक पट भावानं दिसू लागली. काहींचा आकडा लाखांत गेला. मुंबई पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेनं चौकशी सुरू केली. ऑक्टोबरमध्ये ईडीनं पाच शहरांत छापे टाकले. हे सगळं झालं ते विकणाऱ्यांविरुद्ध. त्यांच्याकडून घेणारा मात्र हौशी म्हणून सुटला.

मला त्या घेणाऱ्याबद्दलच बोलायचं आहे. आपल्या जिल्ह्याला ब्लॅक नवा नाही. जालना बियाण्यांचं गाव. २०२४ च्या खरिपात कपाशीच्या बीटी पाकिटाची सरकारनं ठरवलेली किंमत ८६४ रुपये होती, आणि मागणी असलेलं वाण शेतकऱ्याला त्याहून चढ्या दरानं घ्यावं लागलं. त्या शेतकऱ्याला मी दोष देणार नाही. पाऊस पडून गेला, वाफसा आला, आता पेरलं नाही तर वर्ष गेलं. त्याच्या गरजेचा फायदा घेतला गेला. गाण्याच्या कार्यक्रमाला तशी वेळ कुणावर येत नाही. नाही गेलो तर हळहळ वाटते, एवढंच. म्हणून इथं ब्लॅक उभा राहतो तो निव्वळ गिऱ्हाइकाच्या बळावर. एजंट शंभर तिकिटं उचलतो, कारण तिप्पट देणारे शंभर जण येणार, याची त्याला खात्री असते. ही खात्री आपण त्याला देतो.

"मी घेतलं नसतं तर दुसऱ्यानं घेतलं असतं," असंही तो मुलगा म्हणाला. लाच देणारा हेच म्हणतो, हुंडा देणारा हेच म्हणतो. दुसऱ्यानं घेतलं असतं तर तो हिशेब त्याचा. आपल्या खात्यावर आपण केलेलंच जमा होणार.

आणि या बँडनं खिसा हलका असलेल्यांसाठी नोव्हेंबरमध्ये २,००० रुपयांची काही तिकिटं मुद्दाम काढली होती. गावाकडच्या पोरालाही आत येता यावं, अशी गाणाऱ्याचीच इच्छा असेल, तर त्याच्यावर जीव टाकणाऱ्यानं ती धाब्यावर बसवायची? ज्याच्याकडे चार पैसे जास्त आहेत त्यानं, आपल्याइतकंच त्या गाण्यांवर प्रेम असलेल्या दुसऱ्याला दाराबाहेर ठेवून आत जायचं, हे मला चाहत्याचं वागणं वाटत नाही.

कायद्याच्या भरवशावर थांबण्यात अर्थ नाही. रेल्वे तिकिटांचा बेकायदा धंदा करणाऱ्याला रेल्वे कायद्यात शिक्षा आहे. पण कार्यक्रमांच्या तिकिटांचा काळाबाजार रोखण्यासाठी नियम करावेत, अशी मागणी करणारी जनहित याचिका मुंबई उच्च न्यायालयानं जानेवारी २०२५ मध्ये फेटाळली. हे काम विधिमंडळाचं आणि सरकारचं आहे, असं न्यायालयाचं म्हणणं. ते बरोबरच आहे. आपल्या जिल्ह्यातल्या पाच आमदारांना हा प्रश्न विचारायला काय हरकत आहे?

नियम होतील तेव्हा होतील. तोवर तरुण वाचकांना माझी विनंती आहे. छापील किमतीत तिकीट मिळालं तर जरूर जा, गळा बसेपर्यंत गा. नाही मिळालं तर घरी मित्र जमवून बघा. याच दौऱ्यातला २६ जानेवारीचा अहमदाबादचा कार्यक्रम हॉटस्टारवर थेट दाखवला होता. आणि तुमच्याकडचं एखादं तिकीट जास्त झालं, तर ते तुम्ही घेतलं त्याच भावानं दुसऱ्या चाहत्याला द्या.