अस्सोसची पायवाट
(प्रेषितांची कृत्ये २०:१३-१४)

तुर्कस्तानच्या किनाऱ्यावरील बेहरामकाले हे आज पर्यटकांचे विश्रामस्थान आहे. धक्क्यावरील जुन्या दगडी वखारींत आता उपाहारगृहे आहेत. वर टेकडीवर ख्रि. पू. ६ व्या शतकातील अथेनादेवीच्या मंदिराचे मोजके खांब उभे असून समोर लेस्बोस बेट दिसते. हेच पवित्र शास्त्रातील अस्सोस. ॲरिस्टॉटलही येथे काही काळ राहिला होता; पण ख्रिस्ती यात्रेकरूने उत्तरेकडे, त्रोवसाहून येणाऱ्या वाटेकडे पाहावे.

सोबती तारवातून निघाले. पौल मात्र ३० किलोमीटरांहून अधिक वाट जमिनीवरून आला. आदल्या रात्री पहाटेपर्यंत त्याचे भाषण चालले होते, युतुख माडीवरून पडला होता. पुढे यरुशलेमेत बंधने वाट पाहत होती. असा थकलेला मनुष्य तारू सोडून पायी का निघाला? लूक कारण देत नाही. त्याने योजलेले क्रियापद नव्या करारात याच एका ठिकाणी येते. भाषांतर करताना तेथे ‘एकांतासाठी’ किंवा ‘प्रार्थनेसाठी’ असा शब्द घालण्याचा मोह होतो. कदाचित ते खरेही असेल. पण ते लिहिलेले नाही. प्रिय वाचकहो, आपल्या पाळकाचीही एखादी वाट अशीच असते. मंडळीने तिचा हिशेब मागू नये. अस्सोस येथे पौल सोबत्यांना भेटला, त्यांनी त्याला तारवात घेतले आणि ते मितुलेनेस गेले.