उपक्रम आणि काम

मागच्या डिसेंबरात रत्नागिरीजवळच्या एका शाळेचं प्रदर्शन पाहिलं. शाळेचं नाव सांगत नाही, कारण दोष तिच्या एकटीचा नाही. थर्माकोलचा डोंगर होता, त्यावर तांबडा रंग मारून केलेला सडा, म्हणजे कातळाचं पठार, निळ्या जिलेटिन कागदाचा पऱ्या, म्हणजे ओढा, आणि पऱ्यावर आइस्क्रीमच्या काड्यांचा बंधारा. शेजारी उभी राहिलेली सातवीतली मुलगी पाठ केलेली माहिती न अडखळता सांगत होती. शाळेच्या कुंपणापलीकडे खराखुरा जांभ्याचा सडा होता आणि त्याच्या कुशीतून उतरणारा खराखुरा पऱ्या. तो कधी आटतो, असं मी विचारलं. मुलीने बाईंकडे पाहिलं, बाईंनी मुख्याध्यापकांकडे. मग मला चहा घ्यायला बोलावण्यात आलं.

‘कृतीतून शिक्षण’ हे शब्द सध्या इतके स्वस्त झाले आहेत की त्यांच्याविरुद्ध बोलणारा माणूस आपोआप प्रतिगामी ठरतो. 2020च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने सहावी ते आठवीच्या मुलांसाठी 10 दप्तरमुक्त दिवस सुचवले आणि त्यावर लेख, परिसंवाद, कार्यशाळा यांचं पीक आलं. समर्थक म्हणतात, मुलं आनंदी होतात. विरोधक म्हणतात, अभ्यासक्रम मागे पडतो. आनंद सहलीतही होतो आणि अभ्यासक्रम निवडणुकीच्या ड्युटीतही मागे पडतो. दोन्ही बाजूंनी एक गोष्ट गृहीत धरली आहे: हात हलले म्हणजे हाताने शिक्षण झालं.

माझा इथे एक जुना हट्ट आहे आणि मित्र त्याला कंटाळलेले आहेत. शाळांच्या भाषेत एक शब्द फार लाडका आहे: उपक्रम. उपक्रमशील शिक्षक, उपक्रमशील शाळा. उपक्रमाला तारीख असते, फोटो असतो, अहवाल असतो. एक गोष्ट मात्र त्याच्यापाशी नसते, ती म्हणजे फसण्याची शक्यता. काड्यांचा बंधारा गळत नाही, कारण त्यामागे पाणीच नाही. ज्याला फसता येतं ते काम. बाकीचा उपक्रम.

हा फरक शब्दच्छल वाटेल, म्हणून दिवाळीनंतरचा कोकणातला साधा बंधारा घेऊ. या जिल्ह्यात वर्षाला 3000 मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि एप्रिलमध्ये वाड्यावाड्यांत टँकरची वाट पाहतात. जांभा सच्छिद्र, उतार तीव्र, समुद्र जवळ. म्हणून वाहत्या पऱ्याला सिमेंटच्या रिकाम्या गोण्या मातीने भरून आडव्या घालतात. शाळाही यात श्रमदानाला जातात. बहुतेक वेळा गोण्या वाहायला आणि फोटोत उभं राहायला. पण तोच बंधारा आठवीच्या वर्गाकडे काम म्हणून सोपवला तर काय होतं? किती पाणी अडेल, हा प्रश्न मास्तरांना विचारावा लागत नाही, तो वाडीतली माणसंच विचारतात. पात्र 6 मीटर रुंद, बंधारा 1 मीटर उंच, तळाला 50 मीटरमागे 1 मीटर उतार. म्हणजे पाणी 50 मीटर मागे तुंबणार, पाचरीच्या आकारात. निम्मे गुणिले 50 गुणिले 1 गुणिले 6: 150 घनमीटर, दीड लाख लिटर. प्रत्यक्षात कमी, कारण पात्र मध्ये खोल आणि काठाला उथळ असतं. किती कमी, हे काठी घेऊन पाण्यात उतरल्याशिवाय कळत नाही. उतार मोजायला गवंड्याची पाण्याची नळी आणावी लागते आणि ती आणायला गवंड्याकडे जाऊन नीट बोलावं लागतं. मग बंधारा गळतो, बहुधा गोण्यांमधून नव्हे तर काठाच्या जांभ्यातून, आणि जांभा म्हणजे काय हे त्या दिवशी समजतं. शेवटी खालच्या अंगाला ज्याचा भाजीचा मळा आहे तो भांडायला येतो. नागरिकशास्त्राचा याहून चांगला तास मला माहीत नाही.

विषय जोडायचे नसतात. काम स्वतःच विषय मागून घेतं. ‘पाणी’ ही थीम घेऊन मराठीत पावसाची कविता, गणितात टाकीचं उदाहरण, इतिहासात बारव आणि चित्रकलेत थेंब, हा जो आंतरविद्याशाखीय संसार मांडला जातो तो एकाच रंगाचे कपडे घातलेल्या अनोळखी माणसांच्या फोटोसारखा आहे. गांधीजींच्या नई तालीमने यासाठी ‘समवाय’ असा सुंदर शब्द दिला होता. 1937च्या वर्धा परिषदेनंतर टकळीला भूगोलापासून गीतांपर्यंत सगळं बांधण्याचा जो अट्टहास झाला, त्यात तो शब्द दमून गेला. माझ्या बाजूलाही मर्यादा आहे, ती लपवत नाही. बंधाऱ्याला अकबर लागत नाही. बैजिक सूत्रं लागत नाहीत, कविता तर नाहीच नाही. ते सगळं विषय म्हणून, वर्गात बसून, नीट शिकवावं लागेल. कामातून सगळं शिकता येतं असं म्हणणाऱ्याने बहुधा काम केलेलं नसतं.

यावर आक्षेप अनेक आहेत. मार्क कमी पडतील, हा पालकांचा. तो खरा असेल तर परीक्षा बदला. यंत्रं सगळं करतील, हा नव्या लोकांचा. यंत्र अजून पऱ्यात उतरलेलं नाही. पण एक आक्षेप मला सोडत नाही. तो असा: हातकाम ही शहरी, सुखवस्तू माणसाची हौस आहे. त्याच्या मुलाला थापी हे खेळणं वाटतं, गवंड्याच्या मुलाला ती नशीब वाटते. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांना हातांपुरतंच ठेवलं, त्यांच्या मुलांना शाळेतही पुन्हा हातच देणार? ज्या जिल्ह्यातल्या मंडणगड तालुक्यात बाबासाहेबांचं आंबडवे आहे, तिथे हा प्रश्न हलक्यात घेता येत नाही.

आक्षेप घेणारे 1953चं मद्रास दाखवतात आणि बरोबरच दाखवतात. मुख्यमंत्री राजाजींच्या योजनेत मुलांनी अर्धा दिवस शाळा करायची आणि उरलेल्या वेळात घरचा धंदा शिकायचा असं होतं. ‘कुलकल्वी’, कुळाचं शिक्षण, असं विरोधकांनी तिला म्हटलं, आणि 1954मध्ये कामराजांनी ती गुंडाळली. उत्तम केलं. पण त्या योजनेत विष कुठे होतं? हातात नव्हे. काम कोणी वाटलं, यात होतं. शाळेने अर्ध्या दिवसावर हात झटकले आणि वाटणीचं काम घराकडे, म्हणजे जातीकडे सोपवलं. 1936 साली आंबेडकरांनी श्रमांची विभागणी आणि श्रमिकांची विभागणी यांत जो भेद केला तो इथे नेमका लागू पडतो. थापी कुणाच्या हातात, हा प्रश्न आहे. थापी आहे की नाही, हा नव्हे.

तरी आक्षेप संपत नाही, हे मला माहीत आहे. कारण शाळेतही वाटणी होतेच. बंधाऱ्याच्या दिवशी मुलींना पोहे करायला बसवलं, तलाठ्याच्या मुलाकडे मोजपट्टी आणि कातकरी पोराकडे घमेलं दिलं, तर तो बंधारा पाण्याआधी जात अडवतो. असं मी पाहिलं आहे. म्हणून ज्या शाळेत घमेलं आणि मोजपट्टी रोज हात बदलत नाहीत तिने हा नाद सोडावा आणि निमूट पुस्तकं वाचावीत, हे मी मान्य करतो.

पण निव्वळ पुस्तकाला जात नसते, हे मात्र मान्य करत नाही. गिरण्यांच्या काळापासून कोकणातली शाळा म्हणजे मुंबईच्या गाडीचा थांबा. तिथे मुलगा जे पहिलं शिकतो ते हे, की बापाच्या हातात जे आहे ते ज्ञान नव्हे. गवंडी ओळंबा सोडतो तेव्हा तो गुरुत्वाकर्षण वापरत असतो. दोरीने तीन-चार-पाच धरून काटकोन काढतो तेव्हा पायथागोरसच्या सिद्धांताचा व्यत्यास वापरत असतो. शाळा हे त्याच्या मुलाला सांगत नाही. ती सिद्धांत फळ्यावर लिहिते आणि बापाला फळ्याबाहेर ठेवते. जोतीरावांनी 1882मध्ये हंटर आयोगापुढे प्राथमिक शाळेसाठी वाचन, लेखन, हिशेब यांच्याबरोबर शेतीचं प्राथमिक ज्ञानही मागितलं होतं. शेतकऱ्याच्या मुलाला शेतातच ठेवायला ते निघाले होते, असं कोणी म्हणेल काय?

आक्षेपाचा शेवटचा बुरूज उरतो: शहरातल्या प्रयोगशील शाळांत रोबो आणि खेड्यात गोण्या. हा अन्याय खरा आहे. त्याचं उत्तर गोण्या काढून घेणं हे नसून शहरातल्या मुलांच्याही हाती घमेलं देणं, आणि खेड्यातल्या मुलांचं बीजगणित एका तासानेही कमी न करणं, हे आहे. एका तासानेही नाही. हे मी मुद्दाम दोनदा लिहितो, कारण तिथेच आमचे कार्यानुभववाले घसरतात.

असं काम महाराष्ट्रात झालेलंच नाही असं नाही. हिंदुस्थान लिव्हरमधलं संशोधन सोडून डॉ. श्रीनाथ कलबाग 1983मध्ये पुणे जिल्ह्यातल्या पाबळला गेले आणि विज्ञान आश्रम सुरू केला. तिथून निघालेल्या अभ्यासक्रमात आठवीपासूनची मुलं आठवड्यातला एक दिवस अभियांत्रिकी, ऊर्जा-पर्यावरण, शेती-पशुपालन आणि गृह-आरोग्य या विभागांत काम करतात. शिकवायला गावातले कारागीरही असतात. त्यातली सगळ्यात कमी बोलली जाणारी गोष्ट मला सगळ्यात मोलाची वाटते: मुलं गावाला सेवा देतात आणि तिचे पैसे घेतात. पैसे दिलेला माणूस वाकडं जोडलेलं फाटक परत आणतो. आमच्या जिल्ह्यात, दापोली तालुक्यातल्या चिखलगावात, टिळकांच्या घराण्याच्या मूळ गावी, डॉ. राजा आणि रेणू दांडेकर यांनी ऐंशीच्या दशकापासून शाळा उभी केली आणि शेती व तंत्रकौशल्यं तिच्या अभ्यासाला जोडली. अशा शाळांवर कौतुकाचे लेख येतात, भेटी होतात, आणि भेटीला आलेली मंडळी परत जाऊन उपक्रमांची यादी करतात. फाटक परत आणणारा माणूस त्या यादीत येत नाही.

म्हणून माझा हट्ट आता इतकाच उरला आहे. मुलांच्या हातात काय आहे ते मी विचारत नाही. ते पुरं होण्याची वाट कोण पाहतंय, एवढंच विचारतो. परीक्षक आणि पाहुणे सोडून.

गेल्या वर्षी एका वाडीखालचा बंधारा पाहिला. फोटो काढून झाले होते, फलक गुंडाळला होता आणि बंधारा गळत होता. शनिवारची शाळा सुटल्यावर चार-पाच मुलं पुन्हा खाली उतरली होती, कारण वरच्या विहिरीवरच्या बायकांनी त्यांना सकाळी टोकलं होतं. कोणाच्या तरी घरून हळद आणली होती. ती बंधाऱ्याच्या आतल्या अंगाला, वेगवेगळ्या जागी थोडी थोडी सोडत एकजण उभा होता, बाकीचे पलीकडे गुडघाभर पाण्यात वाकून बघत होते. दोनदा काहीच दिसलं नाही. तिसऱ्यांदा उजव्या काठाच्या मुळाशी, जांभ्याच्या एका फटीतून, पिवळी रेघ बाहेर आली.