नेम कुणावर?

१९७८ साली जपानच्या तैतो कंपनीसाठी तोमोहिरो निशिकाडो यांनी ‘स्पेस इन्व्हेडर्स’ हा व्हिडिओ गेम तयार केला. माणसांवर गोळ्या झाडणे त्यांना गैर वाटले, म्हणून पडद्यावर परग्रहावरचे जीव आले. कुणी ऑक्टोपससारखा, कुणी खेकड्यासारखा. हा संकोच आम्हाला मोलाचा वाटतो. पण रूप बदलले म्हणून नेम धरणाऱ्याचे मन बदलते का?

५५ जीव रांगेने खाली उतरतात. जसजसे मरतात तसतसे उरलेले वेगाने येतात. (मुळात हा बेत नव्हता, चित्रे कमी झाली की यंत्रावरचा भार हलका होई!) त्यांच्याशी बोलण्याची सोय नाही, आणि आपल्याच गोळ्यांनी आपला आडोसाही झिजतो.

असे खेळ मोबाईलवर खेळणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांना आम्ही गुन्हेगार मानत नाही. पडद्यावर जीव जात नाही. धास्ती वाटते ती उलट्या वाटेची. निशिकाडोंनी माणूस नको म्हणून विचित्र प्राणी आणला. १९९४ साली रवांडात रेडिओवरून माणसांनाच, तुत्सींना, झुरळे म्हटले जाई आणि बाहेर कोयते चालत. म्हणून वर्गात कुणी ‘ते लोक तसलेच’ म्हणाले, की आम्ही धडा बाजूला ठेवतो आणि विचारतो, “ते म्हणजे कोण? नाव सांग.”