शक्तीचा रोजचा वांटा

शास्त्रपाठ : १ राजे १९ : १-८, निर्गम १६ : १३-२१.



ज्या एलीयानें कर्मेल डोंगरावर राजासमोर एकट्यानें उभें राहून देवाची साक्ष दिली, तोच एलीया थोड्याच दिवसांनीं अरण्यांत एका झुडुपाखालीं पडून मरण मागूं लागला. अशा वेळीं देवानें काय केलें, हें लक्षांत घेण्याजोगें आहे. देवानें त्याला दोष दिला नाहीं. तुझा विश्वास कोठें गेला, असें विचारलें नाहीं. त्यानें त्याला निजूं दिलें. मग दूतानें त्याला उठवून निखाऱ्यांवर भाजलेली भाकर व पाणी दिलें. तें खाऊन तो पुन्हां निजला, तेव्हांहि त्याची झोंप कोणीं मोडली नाहीं. दुसऱ्या खेपेस उठवितांना दूतानें त्याला, पुढची वाट तुझ्या शक्तीबाहेरची आहे, एवढेंच सांगून जेवूं घातलें. प्रश्न विचारण्याची वेळ पुष्कळ दिवसांनीं, होरेब पर्वतावर आली. विसावा हाहि देवाच्या सेवेचा भाग होय, हा या कथेचा पहिला धडा आहे.

आपल्या मंडळ्यांत असे कित्येक आहेत कीं, ज्यांना या झुडुपाखालून उठवतच नाहीं. एखादी बहीण तापांतून उठते. ताप जातो, परंतु तिची शक्ति परत येत नाहीं. आज चार घागरी पाणी आणलें, तर उद्यां किंवा परवां ती अंथरुणाला खिळते. रात्रभर निजूनहि सकाळीं अंग जड असतें, बोलतांना शब्द आठवत नाहीं, उभें राहिलें कीं घेरी येते. घरचीं माणसें म्हणतात, ती आळशी आहे. मंडळींतलीं म्हणतात, तिची प्रार्थना कमी पडते. अशी स्थिति सहा महिन्यांहून अधिक टिकली व तपासांत दुसरें कारण सांपडलें नाहीं, तर डॉक्टर लोक या रोगास मायाल्जिक एन्सेफॅलोमायलायटिस किंवा क्रॉनिक फटीग सिंड्रोम, म्हणजे जुनाट थकव्याचा रोग, असें म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेनें १९६९ सालीं त्याची गणना मज्जासंस्थेच्या रोगांत केली. २०२० सालापासून पसरलेल्या कोरोनाच्या सांथींतून उठलेल्या पुष्कळांना अशीच पीडा जडली आहे.

अशा रोग्यांवर दोष ठेवण्याची चूक शिकलेल्यांनींहि केली आहे. १९५५ सालीं लंडन शहरांतील रॉयल फ्री हॉस्पिटलांत तेथीलच परिचारिका, डॉक्टर व नोकर मिळून सुमारें ३०० माणसें अशा दुखण्यानें पडलीं, आणि तें इस्पितळ कांहीं काळ बंद ठेवावें लागलें. पुढें १९७० सालीं दोन मानसोपचारतज्ज्ञांनीं, त्या रोग्यांना स्वतः न तपासतां, हा सारा उन्मादवायूचा प्रकार होता असें लिहिलें. शेवटीं २०१५ सालीं अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिन या संस्थेनें हजारों शोधनिबंध पाहून निर्णय दिला कीं, हा खरा व गंभीर रोग आहे, आणि श्रमानंतर दुखणें बळावणें हें त्याचें मुख्य लक्षण होय. २०२१ सालीं इंग्लंडांतील नाइस या सरकारी आरोग्यसंस्थेनें, व्यायाम नेमानें वाढवीत न्यावा हा जुना उपचार या रोग्यांसाठीं रद्द केला.

त्यावर रामबाण औषध अद्याप सांपडलेलें नाहीं. तेव्हां रोग्यानें काय करावें? प्रथम डॉक्टरकडे जावें. कारण पांडुरोग, क्षय, मधुमेह व थायरॉइड ग्रंथीचे विकार हेहि थकवा आणतात, आणि त्यांवर औषधें आहेत. नंतर मान्न्याची गोष्ट आठवावी. अरण्यांत रोजचा वांटा रोज मिळत असे, आणि ज्यानें कमी गोळा केलें त्यालाहि उणें पडलें नाहीं. तुमच्या शक्तीचाहि असाच रोजचा वांटा आहे. तो शेजारणीच्या वांट्याहून लहान असला, तर त्यांत लाज मानूं नका. परंतु उद्यांचा वांटा आज उचलूं नका. दोन आठवडे काय काम केलें व पुढें कसें वाटलें, हें रोज लिहून ठेवा, म्हणजे आपलें माप कळेल. थकल्यावर बसण्यापेक्षां थकण्याच्या आधीं बसा. धुणें तीन दिवसांत वांटा. भांडीं पाटावर बसून घांसा. पाणी भरणें दुसऱ्याकडे द्या. बरा दिवस उगवला म्हणून दुप्पट काम करूं नका. कारण बऱ्या दिवसाची उधारी पुढच्या आठवड्यांत व्याजासह फेडावी लागते.

कोणी म्हणेल, विश्वास असता तर रोग गेला असता. पौलानें आपल्या शरीरांतील कांट्यासाठीं तीनदां विनंति केली; कांटा निघाला नाहीं, कृपा मात्र मिळाली. पौलाला कोणी अविश्वासी म्हणेल काय? आणि प्रार्थना झाली, आतां औषध टाका, असेंहि कोणीं शिकवूं नये. फेंफऱ्याच्या रोग्यानें गोळ्या एकाएकीं बंद केल्या, तर झटक्यांमागून झटके येऊन जिवावर बेततें. कंपवाताच्या रोग्याला गोळी वेळेवर मिळाली नाहीं, तर त्याचें अंग ताठून त्याला हलणेंहि कठीण होतें. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानें कंपवातासारख्या मज्जासंस्थेच्या जुनाट रोगांना दिव्यांगत्वांत गणलें आहे. म्हणून उपदेशकांनीं अशा घरांना दाखला मिळविण्यास साह्य करावें.

कफर्णहूमांतील पक्षघाती मनुष्य आपल्या पायांनीं आला नाहीं. चौघांनीं त्याची बाज उचलली, छप्पर उघडलें, आणि प्रभूनें त्या सर्वांचा विश्वास पाहिला. उपदेशक बंधूंनो, अशा घरीं जाल तेव्हां थोडा वेळ बसा, हळू बोला व लहान प्रार्थना करा. कारण पाहुण्यांशीं बोलण्यांतहि रोग्याचा वांटा खर्च होतो. जो उपासनेस आला नाहीं, त्याला हजेरीच्या वहींत हरवलेला म्हणून मांडूं नका. पाळकांनीं प्रभुभोजन त्याच्या बाजेपाशीं न्यावें. तरुणांनीं त्या घरच्या घागरी भराव्या, भगिनींनीं एका वेळची भाकर पोंचवावी.

एलीया अखेर उठला, तो दुसऱ्यानें आणून दिलेल्या भाकरीच्या बळावर उठला. आपल्या गांवांत ती भाकर कोण पोंचविणार, याचें उत्तर प्रत्येक मंडळीनें येत्या रविवारच्या आंत द्यावें. थकलेल्यांना प्रभु विसावा देवो, आणि जे बळकट आहेत त्यांना भार वाहणारे खांदे देवो. आमेन.